तिओ एवारिस्तोचा क्रीम रंगाचा सूट

लासारोला मातीआड करून दोन महिनेही झाले नव्हते, तोच तिओ एवारिस्तोने कपाटातला क्रीम रंगाचा सूट काढून खिडकीच्या कडीला लटकवला. डांबरगोळ्यांचा वास जायला हवा म्हणे.

आंगुस्तियास स्वयंपाकघरात भिजलेले चणे निवडत होती. तिथून तिला तो सूट सरळ दिसत होता. नवरदेवासारखा. तिचा हात थांबला. बैठकीतल्या टीव्हीचं तोंड भिंतीकडे फिरवून त्यावर चादर घातलेली होती. रेडिओ पलंगाखाली गेला होता. तिच्या मुलाची, इसाकची, गिटार पेटीत बंद होती. घरातल्या बायका नखशिखांत काळ्या कपड्यांत होत्या, पुरुषांनी दाढ्या वाढवल्या होत्या आणि दारूचा एक थेंब उंबऱ्याच्या आत आला नव्हता. हे सगळं तिओ एवारिस्तोनेच फर्मावलं होतं. त्याच्याच धाकट्या भावाचा, लासारोचा, दुखवटा होता, वर्षभराचा.

"पापा, हा सूट बाहेर कशाला काढलात?"

"वारा लागायला."

"वर्षभर ज्याला हात लावायचा नाही, त्याला वारा कशाला?"

काठी टेकत म्हातारा बाहेरच्या खोलीत निघून गेला. पण आंगुस्तियास त्याची मुलगी होती, तीही एकुलती एक. त्याने काठी कशी टेकली यावरून त्याच्या मनात काय आहे हे तिला कळायचं. त्या दिवशी काठी सोलेआच्या, त्या संथ नाच-गाण्याच्या, तालात पडत होती.

एवारिस्तो कार्पियो म्हणजे साधी असामी नव्हे. खितानोंमध्ये, म्हणजे इथल्या जिप्सींमध्ये, तिओ कुणालाही म्हणत नाहीत. ज्याच्या एका शब्दावर दोन घराण्यांचे चाकू म्यान होतात आणि जमलेली सोयरीक मोडते, तो तिओ. नदीपलीकडे त्रियानात, लोहारांच्या आळीत त्याचा जन्म. पुढे त्या आळ्यांवर पायो, म्हणजे खितानो नसलेल्या, लोकांची नजर गेली आणि सगळ्या खितानोंना उचलून शहराच्या टोकाला या सिमेंटच्या खोक्यांत आणून टाकलं. कार्पियोंचं घराणं चार इमारतींत विखुरलं, पण त्याची काठी चारही जिन्यांत चालायची. नाचणाऱ्यांच्या जगात त्याला 'एल कार्दो' म्हणायचे, म्हणजे काटेरी झुडूप. तो फारसा हलायचाच नाही. लासारोने गाण्याला तोंड फोडलं की हा नुसता उभा राहायचा, खांदा इतकासा फिरवायचा, आणि बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. मग टाच एकदाच पडायची, आणि ती जिथे पडायला हवी तिथेच पडायची.

एवढा मोठा माणूस, पण नाचला कुठे? जमीनदारांच्या पोरांच्या दारूच्या बैठकीत नाचला, मागच्या दाराने आत जाऊन. उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, लालबुंद झालेल्या परदेशी पाहुण्यांपुढे नाचला. सेव्हियाच्या मोठ्या थिएटरने त्याला कधी पायरीवरही उभं केलं नाही. आणि आता, सत्तरी गाठल्यावर, गुडघ्यांत पाणी झाल्यावर, त्यांना एल कार्दोची आठवण झाली. तीही नेमकी भाऊ गेल्यावर.

थिएटरचे गोन्सालो साहेब स्वतः आले होते. उन्हाळ्यात गळ्यात रेशमी रुमाल. आंगुस्तियासने कॉफी आणून ठेवली, तेव्हा ते म्हणत होते, "उस्ताद, कलेला दुखवटा नसतो. लोरेन्सोला हेच आवडलं असतं."

"लासारो," इसाक भिंतीशी उभा राहून म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. अख्खा कार्यक्रम त्याच्या स्मृतीला वाहू. गायला माद्रिदहून एक तरुण गायक आणतोय, सध्या फार चलती आहे त्याची."

आंगुस्तियासला वाटलं, पापा आता काठी आपटतील. साहेब रुमाल सावरत जिना उतरतील आणि आपण वरून बघू. पण म्हातारा कॉफीच्या कपात बघत राहिला आणि म्हणाला, "विचार करतो."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सूट बाहेर आला.

रात्रीच्या जेवणाआधी तिने विषय काढला. बटाटे तळत होती, पाठ वळवूनच बोलली. "गोन्सालो साहेबांना काय कळवलंत?"

"येतो म्हणून कळवलं."

तेल तडतडत होतं. इसाकने हातातली पावाची लादी खाली ठेवली.

"दुखवटा आहे, पापा."

"मला शिकवतेस? माझा भाऊ होता तो. पन्नास वर्षं त्याच्या गळ्यावर नाचलोय मी. घर वेगळं, थिएटर वेगळं. घरात काळं आहेच. थिएटरापुरता मी माझा दुखवटा सोडवतोय, इसाकचाही सोडवतोय. दुसऱ्या दिवसापासून परत जसं होतं तसं."

"स्वतःचा दुखवटा स्वतः सोडवणार?"

"माझ्यावर आता कोण वडीलधारं उरलंय? सांग ना. कुणाला बोलवू?"

आंगुस्तियासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने झारा कढईत तसाच सोडला.

खितानोंच्या घरी दुखवटा काळ सरला म्हणून आपोआप संपत नाही. कुणीतरी वडीलधाऱ्याने, नाहीतर सख्ख्या भावाने यावं लागतं. तो वाइनचा प्याला दुखवट्यातल्या माणसाच्या ओठांना लावतो आणि म्हणतो, 'त्याला तिथे शांती, तुला इथे आयुष्य.' एक घोट घेतला, कुणीतरी टाळी धरली, की माणूस मोकळा. आपल्या पाठीला आपल्याला साबण लावता येत नाही, तसं आपला दुखवटा आपल्याला सोडवता येत नाही. हे लहान पोराला ठाऊक असतं. आणि एल कार्दो, ज्याने दुसऱ्यांचे दुखवटे मोजून-मापून घातले, तो आता म्हणत होता, माझा मीच सोडवतो.

"आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते," आंगुस्तियास म्हणाली. "तुम्ही वर्षभर काळं घातलंत. वर्ष झाल्यावर बार्सिलोनाचं बोलावणं आलं आणि लासारो काका प्याला घेऊन आले. मी बघितलंय. तुम्ही तो गटागटा प्यायलात."

"तेव्हा भाऊ होता."

"आणि मेल्चोर गेला तेव्हाही भाऊ होता, तुम्हीही होतात. मला कुणी प्याला दिला?"

म्हाताऱ्याने काठी जमिनीवर आपटली. एकदाच. इसाकने मान खाली घातली. या घरात काठी आपटली की बोलणं संपायचं. त्या रात्रीही संपलं. बटाटे करपले आणि तसेच खाल्ले गेले.

मेल्चोर म्हणजे तिचा नवरा. कलिंगडांनी भरलेला ट्रक कार्मोनाच्या वळणावर उलटला, तेव्हा इसाक पाळण्यात होता आणि आंगुस्तियास पंचविशीतही नव्हती. त्या वर्षी तिच्या नाचाचा बोलबाला होता. मुलगा नाही म्हणून एवारिस्तोने आपलं सगळं तिलाच शिकवलं होतं, मारून-झोडून शिकवलं होतं, आणि एकदा भरल्या मांडवात म्हणाला होता, 'माझ्या पायात जे आहे ते हिच्या पायात दुप्पट आहे.' तेच पाय त्याने बांधून ठेवले. विधवेचा दुखवटा जन्माचा, असं तो म्हणाला. तसं बघितलं तर जन्माचा नसतो. पलीकडच्या जिन्यातल्या रोसालियाचा तिच्या सासऱ्याने पाचव्या वर्षी सोडवला, ती आज लग्नाकार्यात नाचते, कुणी तिला नावं ठेवत नाही. पण एल कार्दोच्या घरात नियम कडक, कारण लोक बघत असतात. आणि नियमाचं ओझं नेहमी ज्याचं तोंड बंद करता येतं त्याच्याच डोक्यावर ठेवतात. बळी तो कान पिळी.

मेल्चोर गेल्यावर बायकांनी अंगणात देग चढवली होती. काळ्या रंगाच्या पुड्या, मीठ, व्हिनेगर. घरातलं प्रत्येक कापड त्यात गेलं. शेवटी तिचा नाचाचा झगा आणला, पांढरा, हिरव्या ठिपक्यांचा, मागे लांब शेपटी असलेला. शेपटी देगेत मावेना. नव्याण्णव कपडे काळे झाले म्हणून शंभरावा केलाच पाहिजे असं काही नव्हतं. बायका थांबल्या, तिच्याकडे बघू लागल्या. तेव्हा एवारिस्तो पुढे आला आणि त्याने आपल्या काठीने ती शेपटी रंगात दाबली. तळापर्यंत. आंगुस्तियास मेल्चोरसाठी जितकी रडली, त्याहून जास्त त्या शेपटीसाठी रडली असती, पण तेव्हा दोन्ही रडणी एकातच मिसळून गेली आणि कुणाला काही कळलं नाही.

एकट्या लासारो काकाला कळलं होतं. दर नाताळला तो वर यायचा, टेबलावर बसायचा आणि भावाला म्हणायचा, "एवारिस्तो, पोरीचं काळं उतरव. नाहीतर मी उतरवतो." एवारिस्तो म्हणायचा, "थोरला मी आहे." मग लासारो आंगुस्तियासकडे बघून खांदे उडवायचा. मागच्या नाताळात त्याला धाप लागत होती, जिना चढताना दोनदा बसला, तरी आला. तेच बोलला. तेच उत्तर घेऊन गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ऊन असं तापलं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. म्हातारा न्हाव्याकडे गेला. दोन महिन्यांची पांढरी दाढी काढायला. जाताना काठी घरातच विसरला. उत्साहात माणूस काठीसुद्धा विसरतो.

आंगुस्तियासने कोपऱ्यात टेकवलेल्या त्या काठीकडे बघितलं. मग खिडकीतल्या सुटाकडे. हा सूट दर मोसमात तिनेच धुतला होता, तिनेच इस्त्री केला होता, कोटाचं अस्तर तिनेच तीनदा बदललं होतं. तिच्यापेक्षा त्या सुटाने जास्त दिवे बघितले होते.

तिने माळ्यावरून मोठी देग काढली.

लासारो काकाच्या वेळच्या रंगाच्या पुड्या फळीवर उरल्या होत्या. पाणी उकळायला लागलं तसा तो वास आला. कडवट, लोखंडासारखा. खालच्या मजल्यावरची एन्कार्ना वासाच्या मागे मागे वर आली. ती काही कार्पियोंच्या घराण्यातली नव्हे, शेजारीण. दार कुणाचं उघडं दिसलं की आत जायचं, हा तिचा धर्म.

"अगं बाई, आणखी कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग देग कुणासाठी?"

आंगुस्तियासने कडीवरून सूट काढला. आधी विजार, मग कोट. एन्कार्नाने आपल्या दोन्ही गालांवर हात ठेवले.

"आंगुस्तियास. वेड लागलंय का तुला? थिएटरची गाडी येणार आहे ना संध्याकाळी? अख्ख्या इमारतीला सांगितलंय मी."

"येऊ दे."

"अगं पण तुझा बाप जीव घेईल तुझा."

"काय शिल्लक आहे घ्यायला?"

कोट पाण्यावर फुगून तरंगू लागला. एक खांदा वर येत होता, तो दाबला की दुसरा. आंगुस्तियासने इकडेतिकडे बघितलं. ढवळायला झारा पुरणार नव्हता. तिने कोपऱ्यातली काठी उचलली, मुठीला धरली आणि टोक कोटाच्या छातीवर ठेवून खाली दाबलं. तळापर्यंत.

एन्कार्ना फळीपाशी गेली, व्हिनेगरची बाटली काढली आणि बूच दाताने उघडलं. "हे घाल. नाहीतर रंग पक्का बसायचा नाही," ती म्हणाली. "मेल्चोरच्या वेळी माझ्या आईने घातलं होतं."

म्हातारा आला तेव्हा त्याचे गाल गुळगुळीत होते आणि अंगाला लॅव्हेंडरचा वास होता. मागे इसाक होता, गिटारची पेटी घेऊन. दारातच म्हाताऱ्याने नाक वर केलं. त्याने पुष्कळ देगी बघितल्या होत्या, वास ओळखायला वेळ लागला नाही. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला. आधी त्याने खिडकीची रिकामी कडी बघितली, मग देग, मग मुलीच्या हातातली आपली काठी. ती अर्ध्यापर्यंत काळी झाली होती.

एन्कार्नाने क्रॉसची खूण केली.

"काय केलंस हे," म्हातारा म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

"तुमच्या भावाचा दुखवटा केला. तुमच्या हातून राहून गेला होता."

"आंगुस्तियास."

"ओरडा. काठी माझ्याकडे आहे, आपटायला देऊ? घ्या." तिने काठी बाहेर काढली, काळं पाणी फरशीवर गळू लागलं. "बावीस वर्षं मी गुणगुणलेसुद्धा नाही, पापा. इसाकला निजवताना अंगाई म्हटली नाही. तो पहिल्यांदा स्टेजवर बसला तेव्हा मी जिन्यात उभी राहिले, भिंतीला कान लावून. लोकांच्या लग्नात भांडी घासली, म्हणजे पाय जागेवर राहतील. का, तर एल कार्दोच्या घरचा नियम. मला वाटायचं, नियम आहे तर आहे. सगळ्यांना आहे. आणि तुमच्यापुढे एका पायोने रेशमी रुमाल हलवला, तर तुमचा दुखवटा दोन महिन्यांत आटोपला? ज्याला काकाचं नावसुद्धा धड घेता आलं नाही त्याच्यासाठी?"

"ते थिएटर आहे," म्हातारा म्हणाला. आवाज खाली आला होता. "तुला नाही कळणार. आयुष्यभर मी त्या थिएटरच्या समोरून चालत गेलोय."

"मला नाही कळणार? मी तर स्वतःच्या पायांसमोरून चालत गेलेय."

इसाकने पेटी टेबलावर ठेवली. तो आजोबांचा फार लाडका, आजवर उलटून एक शब्द बोलला नव्हता. "आजोबा," तो म्हणाला, "मी नाही वाजवणार आज. त्या माद्रिदवाल्याने आजोबांची, म्हणजे लासारो आजोबांची, सोलेआ म्हणायची आणि मी खाली तारा छेडायच्या. मला नाही जमणार ते. मला आधीच नव्हतं जमणार. तुम्हाला सांगायची भीती वाटत होती."

म्हातारा खुर्चीवर बसला. दाढी काढलेला त्याचा चेहरा लहान दिसत होता, आणि जरा केविलवाणा. तरी त्याची मान ताठ होती. "तुझा सूट दे," तो इसाकला म्हणाला. "गिटार नको. मी एकटा जाईन. नुसत्या टाळ्यांवर नाचेन."

तेव्हा आंगुस्तियासचा राग शांत झाला. गेला नाही, शांत झाला, आणि ते जास्त वाईट होतं. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"जा," ती म्हणाली. "पण एक ऐका. लासारो काका आज असते, तर तुमचा दुखवटा त्यांनी सोडवला असता, कुणाच्याही मरणाचा असता तरी. लगेच सोडवला असता, तुम्हाला नाही म्हणणारे ते नव्हतेच. पण प्याला हातात घेऊन ते आधी काय म्हणाले असते, ते तुम्हाला माहीत आहे."

म्हाताऱ्याला माहीत होतं. मागच्या नाताळात याच टेबलावर, धाप लागत असताना म्हटलेलं. देगेत बुडबुडे येत होते, तेवढाच आवाज.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मग जिन्यात बुटांचा आवाज आला आणि गोन्सालो साहेब दारात उभे राहिले, हसतमुख, आज रुमाल निळा. "उस्ताद, तयार?" मग त्यांना सगळ्यांचे चेहरे दिसले, फरशीवरचं काळं पाणी दिसलं. "काही झालंय का?"

तिओ एवारिस्तो उठला नाही. "माझा भाऊ वारलाय," तो म्हणाला.

"हो, ते तर... दोन महिन्यांपूर्वी."

"आजच कळलं," म्हातारा म्हणाला.

गोन्सालो साहेबांनी पुष्कळ समजावलं. तिकिटं गेलीत, वर्तमानपत्रवाले येऊन बसलेत, असा मान परत मिळायचा नाही. शेवटी त्यांचाही सूर चढला. म्हणाले, तुम्हा लोकांचं हे असंच, म्हणून तुम्ही आहात तिथेच राहता. हे ऐकल्यावर मात्र आंगुस्तियासने काठी उचलून बापाच्या हातात दिली. ओली, काळी, गळती. म्हाताऱ्याने ती फरशीवर एकदा आपटली. साहेबांच्या फिक्या विजारीवर काळे थेंब उडाले. ते जिना उतरून गेले. एन्कार्ना कठड्यावरून वाकून बघत राहिली, गाडी वळेपर्यंत.

बराच वेळ झाला. ऊन समोरच्या इमारतीवरून खाली उतरलं. इसाकने देगेखालचा गॅस बंद केला. म्हातारा उठला, कपाटाशी गेला आणि मागच्या बाजूला, मोठ्या पातेल्यांच्या आड दडवलेली मांथानियाची बाटली काढली. दुखवट्याच्या घरात वाइन ठेवत नाहीत. त्याने ठेवली होती, बहुतेक थिएटरहून परत आल्यावरसाठी. त्याने प्याला काठोकाठ भरला आणि मुलीसमोर धरला.

"त्याला तिथे शांती," तो म्हणाला. पुढचं म्हणण्याआधीच त्याने प्याला तिच्या ओठांशी नेला.

आंगुस्तियासने प्याल्याकडे बघितलं. ती वाकली नाही, ओठ पुढे केले नाहीत.

"आता?" ती म्हणाली. "आता कुणाचं काळं उतरवता, पापा? तिसरा मजला चढताना मला कठडा धरावा लागतो. जी नाचायची ती कधीच गेली. तिच्या दुखवट्यात मी होते, तुम्हाला वाटलं मेल्चोरच्या."

म्हातारा प्याला धरून उभा राहिला. त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं आणि मागे घ्यायची पद्धत नव्हती. वाइन त्याच्या बोटांवरून मनगटावर ओघळली. माफी मागणं त्याला येत नव्हतं, कुणी शिकवलंच नव्हतं. नाचताना सगळं बोलणाऱ्या माणसाला हे एक वाक्य सापडेना.

शेवटी तिने प्याला त्याच्या हातातून काढून घेतला. "हा लासारो काकांच्या हातचा समजून पिते," ती म्हणाली. "तुमच्या नव्हे." आणि सगळा प्याली.

मग तिने खुर्ची भिंतीशी सरकवली. पायात कापडी सपाता होत्या, टाचा झिजलेल्या. फरशी ओली होती. तिने स्कर्ट एका हाताने किंचित उचलला आणि बापाकडे पाठ करून उभी राहिली. एन्कार्नाला कळलं की टाळी धरायची ती आपल्यालाच, कारण या घरात बाकी सगळे दुखवट्यात. तिने टाळी धरली. एन्कार्नाचं मन सोन्याचं, पण तालाचा तिला गंध नव्हता. खितानोच्या पोटी जन्मून असं कसं निपजलं, याची चार इमारतींत थट्टा चालायची.

आंगुस्तियासने खांदा फिरवला. इतकासा. इसाक भिंतीला टेकला आणि त्याने तोंडावर हात ठेवला. आईला असं त्याने कधी बघितलं नव्हतं. तिचा गुडघा कटकन वाजला, ती थांबली, ओठ चावला आणि परत उभी राहिली. सपातेतला पाय खाली आला, आवाज झाला नाही, पण जिथे पडायला हवा तिथेच पडला. आणि एन्कार्नाची टाळी तिसरीकडेच.

म्हाताऱ्याचे हात आपोआप वर आले. ती चुकलेली टाळी त्याला सहन होईना. पन्नास वर्षांची सवय, हात एकमेकांजवळ आले.

"हात खाली," आंगुस्तियास म्हणाली. तिने मागे वळून बघितलंही नव्हतं. "तुमचा दुखवटा चालू आहे. आणि तो सोडवणारा आपण पुरून आलोय."

तिओ एवारिस्तोने हात खाली घेतले. ते परत वर येऊ लागले, तेव्हा तो भिंतीशी सरकवलेल्या खुर्चीवर बसला आणि त्याने ते मांड्यांखाली दाबून धरले. एन्कार्ना मनापासून टाळ्या वाजवत होती, चुकत होती, आणि पुन्हा वाजवत होती. आंगुस्तियास तिच्या त्या वेड्यावाकड्या टाळ्यांतूनच आपली वाट काढत नाचत राहिली, आणि एल कार्दो आपल्या हातांवर बसून बघत राहिला.